वीस गोळ्यांची बाटली

जबाब, दि. १९ एप्रिल १९६५

केसर मोरू गावंड, वय २६ वर्षे, धंदा मिठागरावर मजुरी, राहणार धाकटीखार, ता. पेण, जि. कुलाबा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझी सासू ठमी हिने परवा या ठाण्यात तक्रार दिली की सुनेने गोळ्या खाऊन पाच महिन्यांचा गर्भ पाडला. तक्रार खोटी आहे. माझ्या पोटात गर्भ नव्हताच.

न्हाण आल्यापासून माझी पाळी चार-चार, पाच-पाच महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. आमच्यात पाळीची बाई चार दिवस पडवीत बसते. कार्तिकापासून मी पडवीत बसले नाही, तेवढ्यावरून सासूने दिवस मोजले. हे माझे जुनेच दुखणे आहे, असे तिला तीनदा सांगितले. तिने ऐकले नाही. मी नको म्हणत असता पोटुशीला घालतात ती चोरचोळी मला घातली आणि शिमग्यात गावभर सांगून आली.

या महिन्याच्या ता. ३ रोजी मी व पती मोरू मुंबईला बायकांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी माझी लघवी बेडकाला टोचून करतात ती परीक्षा करून गर्भ नाही असे लिहून दिले. तो कागद हजर करते. त्या म्हणाल्या, "बीजकोशांवर बारीक गाठी आहेत, बीज सुटत नाही. अंगात जो रस कमी पडतो तो गोळीतून देऊ. दहा दिवस घे, पाळी येईल. मग दुसरी बाटली. असं काही महिने केलं तर मुलाची आशा आहे." हे मोरूने माझ्या शेजारी बसून ऐकले.

पहिल्या बाटलीतल्या गोळ्या मी दहा दिवस घेतल्या. ता. १६ रोजी सकाळी पाळी आली. मी आनंदाने पडवीत जाऊन बसले. सासूने ऊर बडवून आळी गोळा केली. "हिनी गोल्या खाऊन माजा नातू पारला," असे ती म्हणाली. मी मोरूला म्हटले, "तुमी व्हतात ना तिथं? सांगा आयशीला." तो मिठागरावर निघून गेला. परवा या ठाण्यात तो तिच्याबरोबर आला होता, तेव्हाही त्याने दवाखान्यातले सांगितले नाही. मला सासूपेक्षा त्याचा राग जास्त आहे. हे लिहायचे का, असे हवालदारांनी विचारले. लिहा म्हटले.

पोलिसांनी दुसरी बाटली, वीस गोळ्यांची, मुद्देमाल म्हणून नेली. मी ती परत मागते. निकालापर्यंत मिळणार नाही, असे हवालदार म्हणतात. तोवर सासूने बघून ठेवलेली दुसरी सून घरात येईल. त्या बाटलीतली पहिली गोळी पाळीच्या पाचव्या दिवशी घ्यायची आहे. आज चौथा आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. बाटली हातात पडल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा
केसर मोरू गावंड