मागच्या खोलीची खिडकी

वर्डेल : ‘चौकटीला पिवळा दे, वर्डे, लोण्यासारखा. आणि दोन हात दे. एका हातात कंजुषी दिसते.’ ताईनं असं बजावलं होतं, वोयतास साहेब. म्हणून मी शनिवारी दोन हात मारले.

वोयतास : आणि खिडकी बसली चिकटून.

वर्डेल : बसली.

वोयतास : किल्ली पडद्यांचं माप घ्यायला दिली होती, बाई. रंगवायला कुणी सांगितलं होतं? घर अजून तुमचं झालंय कुठं?

वर्डेल : खरं आहे. धीर धरवला नाही.

वोयतास : तो सरकारी हाउसिंगचा तपासनीस सगळीकडं फिरला. शेगडी पेटली, गरम पाणी आलं, धुराची घंटा वाजली. आणि इथं येऊन लिहिलं काय? नापास. माझी बायको हालिना असती तर त्याला आल्या पावली परत धाडला असता.

वर्डेल : त्यांचं बरोबरच आहे. झोपायची खोली, आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. पण भला माणूस. चारच्या आत उघडा म्हणाला, परतताना बघून जातो. म्हणून तर खरवडतेय.

वोयतास : दोन वाजलेत. शुक्रवारी तुमच्या त्या सरकारी भाड्याच्या व्हाउचरची मुदत संपते. माझ्या चर्चमधला एकजण तयार बसलाय. त्याला ना कागद, ना तपासणी. पहिल्या तारखेला सामान घेऊन येईल.

वर्डेल : त्याचा मला राग नाही. सात वर्षं यादीत होते मी. नंबर लागला तर म्हणाले, एकशे वीस दिवसांत घर शोधा, बरंचसं भाडं सरकार भरेल. सगळं बफेलो शहर पालथं घातलं. व्हाउचर म्हटलं की लोक गोड हसतात, ‘अरेरे, कालच गेलं.’ पुढच्या आठवड्यात बस तिथनं जाते, तर ‘भाड्याने देणे’ची पाटी तशीच. एकसष्ट घरं झाली. तुम्ही तेवढे म्हणालात, ‘बूट पुसून आत या.’

वोयतास : बूट ओले होते तुमचे.

वर्डेल : आत या म्हणालात ना पण.

वोयतास : ती पट्टी अशी घुसवू नका. लाकूड जुनं आहे. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू आहेत, शिवी सोडलीय मी, नाहीतर बोललो असतो.

वर्डेल : मीही दर बुधवारी दुपारपर्यंत नुसतं पाणी घेते. ताई आजारी पडली तेव्हापासून.

वोयतास : दुपार टळली.

वर्डेल : आज खिडकी उघडली की खाईन.

(वर्डेलचा फोन वाजतो. हात रंगाचे म्हणून ती आवाज मोठा करून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते.)

इमोजीन : वाळला का गं रंग?

वर्डेल : वाळला, ताई.

इमोजीन : लोण्यासारखा?

वर्डेल : अगदी.

इमोजीन : घर पास झालं?

वर्डेल : होईल. चारला कळेल. सगळं छान चाललंय.

इमोजीन : खोटं बोलताना तुझा आवाज गोड होतो. मालक कसा आहे?

वर्डेल : इथंच उभे आहेत.

इमोजीन : मग मोठ्यानं सांगते. साहेब, ऐकताय ना? माझा उजवा पाय ऐकत नाही, पायऱ्या जमत नाहीत. तळमजला मिळाला तरच या नर्सिंग होममधनं सोडणार मला. तसं इथं वाईट नाही, सूप वेळेवर येतं. पण खिडक्या उघडतच नाहीत हो. आम्ही पडू म्हणून बंद करून टाकल्यात. चौदा महिने झाले, समोरचं झाड हलताना दिसतं, आवाज नाही. तुमच्या त्या खोलीत खिडकी उघडी टाकून झोपायचंय मला.

वोयतास : तळ्यावरनं बोचरा वारा येतो इथं.

इमोजीन : येऊ दे की. नाक गारठेल, दुसरं काय? वर्डे, चारनंतर फोन कर. आणि रडू नकोस.

वर्डेल : रडत नाहीये मी.

इमोजीन : बघ, झाला गोड. ठेवते.

वोयतास : जिभेला हाड नाही तुमच्या ताईच्या.

वर्डेल : तेवढी जीभच राहिलीय तिची पहिल्यासारखी. साहेब, चारी बाजू कापल्या. पट्टी आरपार जाते, तरी हलत नाही. मी माझ्याच हातानं तिची वाट बंद केली.

वोयतास : थांबा. तुमच्या रंगानं नाही अडलेली ती.

वर्डेल : म्हणजे?

वोयतास : खालच्या कोपऱ्यात बोट फिरवा. दोन्हीकडं.

वर्डेल : हे... खिळे?

वोयतास : चार इंची. मी मारलेत. तपासनीस ‘रंगानं चिकटली’ म्हणाला, तुम्ही मान खाली घातलीत, मी गप्प बसलो. सोपं झालं मला.

वर्डेल : सकाळपासून मी देवाची क्षमा मागतेय.

वोयतास : ऐकू येत होतं जिन्यावर.

वर्डेल : का मारलेत पण?

वोयतास : ही हालिनाची खोली. शेवटी शेवटी माझ्या बायकोला काही आठवेना. या खिडकीतनं बाहेर पडायची, घरी जाते म्हणायची. एकदा बर्फात कोपऱ्यावर सापडली. अंगात माझा कोट, पायात नुसते मोजे. मग ठोकले खिळे. ती पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, ‘स्ताशेक, हे काय करतोस?’ म्हटलं, ‘थंडी आहे. थंडी सरली की काढतो.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’ फेब्रुवारीत गेली. मी वर राहायला गेलो. सहा वर्षं झाली.

वर्डेल : आणि हे तसेच.

वोयतास : बंद आहे तोवर म्हणता येतं ना, बिचारीला वाट नाही म्हणून येत नाही.

वर्डेल : ... जमणार नसेल तर सांगा, साहेब. मी ताईला समजावीन. आणखी दोन दिवस आहेत, फिरेन.

वोयतास : एकसष्ट घरं झाली म्हणालात.

वर्डेल : हे बासष्टावं.

वोयतास : बाहेर थंडी कितपत आहे हो आज?

वर्डेल : नुसत्या स्वेटरवर आलेय मी.

वोयतास : हं. पक्कड तळघरात असेल. ती पट्टी ठेवा खाली, बाई, बसा जरा. हे मीच काढायचेत.