शिवेवरची कोंबडी

माहेर माह्यं धामणगाव रेल्वेच्या अंगाचं. बाप जिनात कापसाच्या गठाणी उचले, माय कोंबड्या पाळे. शाळा चौथीपर्यंत झाली, मंग लगीन झालं अन् मी परतवाड्याकडच्या या गावात आली. मायनं आंदण काय देलं, तं एक काळी तलंग, म्हणजे अंड्यावर आलेली कोंबडी, अन् एक डाल, डाल म्हणजे कोंबड्या झाकाची बांबूची मोठी टोपली. सासू म्हणे, सुनेनं आंदणात पिसं आणली. म्या म्हटलं, पिसं अंडे देतात आत्याबाई, सोनं देत नाई.

त्याच काळात आमच्या लोकायनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हारे रिकामे केले. सासूनंही घेतली, पण तिच्या पोटातून मरीमाय काही निघाली नव्हती, ते मले दिसे. आता या गावची रीत सांगते. कोंबड्यायवर रोग आला का एक दुखणाईत कोंबडी घ्याची, तिले हळदकुंकू लावाचं अन् पलीकडच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडाची, म्हणजे देवीचा कोप तिच्यासंगं गेला. अन् पलीकडचं गाव काय करे? तेबी आपली एक आणून इकडे सोडे. काय सांगू तुमाले ताई, रोग बिचारा नुसता येजा करून राहिला होता.

एका हिवाळ्यात माह्या मालकानं अशीच एक कोंबडी शिवेवरून उचलून घरी आणली. कबरी, म्हणजे ठिपक्याठिपक्याची, अंगानं भरलेली, डोक्यावर कुंकू तसंच. म्हणे, आता आपण देवीले भेत नाई, तं हे फुकटची काहून सोडू? अख्ख्या गावातून छाती काढून घेऊन आला. म्या म्हटलं, देवीले नका भेऊ, पण तिच्या नाकाकडे तं पाहा, गळून राहिलं. म्हणे, तू भित्री. अन् देली माह्या कोंबड्यायत सोडून.

थोडे दिवस गेले अन् जिकडेतिकडे तेच. मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घेत, खुराड्यात नुसती घरघर, डोळे सुजलेले, नाकातून पाणी. मंग गावच्या कोंबड्यायतही लागण झाली. झालं, जाणत्या माणसायनं मालकाले पारावर बोलावलं. म्हणे, देवीची कोंबडी उचलली, देवी कोपली, आता तुह्या बायकोले म्हण, घरची एक कोंबडी अन् नारळ घेऊन शिवेवर जाय. छाती काढणारा माणूस मान खाली घालून घरी आला. सासू म्हणे, दे ना वं, एक कोंबडीच तं आहे. म्या म्हटलं, एक कोंबडी नाई आत्याबाई, आज कोंबडी देली तं उद्या देव्हारा परत मांडा लागन. अन् साऱ्या मेल्या तरी गाव हेच म्हणन, का दीक्षा घेतली म्हणून मेल्या. म्हणून यायले जगवाच लागते.

पदराखाली एक कोंबडी घेतली अन् परतवाड्याच्या जनावरायच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणे, बाई, पेनिसिलीन आहे पण मोजकी, ते बैलायसाठी अन् सरकारी फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्यायसाठी, घरच्या कोंबड्यायले द्याचा हुकूम नाई. म्या म्हटलं, माही कोंबडी सरकारी नाई म्हणून तिनं मरावं का? तो हसला. म्हणे, सुई देता येत नाई, अक्कल देता येते, ते घेऊन जा. दुखणाईत वेगळ्या ठेवा, पाणी वेगळं ठेवा, हवा खेळू द्या, अन् मेली तं गाडा, खाऊ नका, फेकू नका.

आमच्याकडे हिवाळ्यात खुराडं शेणानं लिपून सारी भोकं बंद करत अन् वरून मिरचीची धुरी देत. खोकणाऱ्याले धूर! म्या कुऱ्हाड घेतली अन् खुराड्याचा वरचा बांबूचा तट्टाच फोडला. सासू बोंबलली, हिवानं मारते वं हे कोंबड्यायले. म्या म्हटलं, हिवापरीस कोंदट हवाच जास्त मारते. खालची घाण उपसली, चुना टाकला, राख पसरली. मायची डाल दुखणाईतायले देली, गोठ्याच्या आडोशाले. मिठाच्या कोमट पाण्यानं एकेकीचं नाक पुसलं, डोळे पुसले, ज्वारीच्या कण्या शिजवून भरवल्या. आधी चांगल्यायचं दाणापाणी, मंग दुखणाईतायचं, मंग राखेनं हात धुवाचे, अन् असंच रोज.

मेल्या, खोटं काहून सांगू. मायची काळी मेली. खड्डा खोदून गाडली. सासू म्हणे, रस्सा झाला असता. शेजारीण कुंपणावरून म्हणे, कोंबडीले माती देऊन राहिली का वं, तेराव्याले बोलाव मले. म्या म्हटलं, येजो, पण रस्सा भेटणार नाई. रडली नाई मी. रडून कोंबडीचं नाक मोकळं होते का?

गाव वाट पाहून राहिलं, हे बाई नारळ घेऊन कवा निघते. मी निघालीच नाई. अन् पाहा, ते शिवेवरची कबरी, तिचंच नाक सगळ्यायच्या आधी वाळलं. उन्हात राखेत लोळली, पंख झटकले अन् उकिरडा उकराले लागली. मंग बाकीच्या, एकेक. उन्हाळा लागताना ते खुडूक बसली, म्या अंडे ठेवले, अन् पिल्लं घेऊन ते मरीमायच्या ओट्यासमोरून ऐटीत फिरे. मालक म्हणे, मीच आणली होती ना ते? म्या म्हटलं, व्हय, रोगासकट.

सासूनं देवीचं नाव सोडलं असं नाई. पण पुढच्या हिवाळ्यात शेजारणीची कोंबडी घरघराले लागली, तवा मीच कानानं ऐकलं, सासू तिले सांगत होती, शिवेवर नको सोडू वं, आमच्या सुनेजवळची डाल माग. आली शेजारीण डाल मागाले, खाली पाहून. म्या म्हटलं, तेराव्याचं जेवण राहिलंच तुह्यं. अन् देली.

आता नातू म्हणते, आजी, जनावरायचा नवा डॉक्टर चिठ्ठीशिवाय कोंबड्यायचं औषध देऊ देत नाई, लोकं बोंबलून राहिले. मी म्हणते, आमाले कवा भेटलं होतं रे? डाल आहे, चुना आहे, राख आहे, माहे हात अजून चालतात. जगन ते जगन. मरन ते माह्या अंगणात मरन, माह्या डोळ्यासमोर. आपलं दुखणं दुसऱ्याच्या शिवेवर म्या कधी टाकलं नाई, अन् आता मराच्या वयात तं बिलकुल टाकणार नाई.