पहिलं गिऱ्हाईक

मानसोपचाराच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून हसतच बाहेर आला.

“ताई, आजार उलटलाच नव्हता!”

“मग ते आवाज पुन्हा का यायला लागले होते?”

“जळजळीचं औषध मी गोळीबरोबरच प्यायचो ना, त्यानं गोळी अंगी लागत नव्हती. दोन्हींत अंतर ठेवायला लागलो आणि आवाज थांबले.”

“अगं बाई! आणि आमच्या तोंडचं पाणी पळालेलं! बरं, दुकानाचं काय?”

“बुधवारपासून उघडा म्हणाल्या. पण ताई, माझ्याकडे आता कोण येईल गं केस कापायला?”

“तुझे भावोजी. तू बरा होईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हाती डोकं द्यायला तयार नाहीत. केस खांद्यावर आलेत रे त्यांचे!”