लांबचं गिऱ्हाईक

मंडळी, टाळ जरा मांडीवर टेकवा. आज अभंगाच्या आधी एक प्रश्न टाकतो, उत्तर घरी जाईपर्यंत सापडलं तर बघा. प्रश्न असा — लांबचा माणूस किती लांब असतो?

हसू नका! कोस मोजायला नाही सांगत मी. आपण म्हणतो ना — ‘जाऊ दे, लांबचाच आहे कुणीतरी.’ रस्त्यात काच फोडून ठेवतो, कोण जाणार त्यावरून? लांबचा कुणीतरी! दुधात पाणी घालतो, कोण पिणार? लांबचा कुणीतरी! तर हा जो लांबचा कुणीतरी आहे, त्याचं घर कुठं? त्याला आई आहे का? तो जेवायला बसतो तेव्हा त्याच्या ताटाशेजारी कोण बसतं?

ऐका.

माणदेशाच्या अंगाला एक गाव. त्या गावात सोपान लोकरे नावाचा गृहस्थ. धंदा काय? बैलांचा साज! बैलांचा सण बेंदूर आला की आठ-आठ गावची माणसं याच्या दारात. झुली, गोंडे, कपाळावरच्या माठोठ्या — आणि त्यातला लोकरीचा पीळ घालायची त्याची बायको, अनसूयाबाई. काय हात होता त्या माउलीचा! लाल, हिरवी, पिवळी लोकर मांडीवर घ्यायची, तळव्यानं असा एक झोका द्यायची, की दोरा सापासारखा वळून बसायचा. पारखी माणूस लांबून ओळखायचा, ‘हा लोकऱ्यांच्या घरचा पीळ.’

हा शब्द पदराला बांधून ठेवा. पीळ. पुढं लागणार आहे.

यांची एकुलती लेक सुवर्णा, घाटापलीकडं दिली. जावई नवनाथ, शिकलेला, सालस. लेकीला बाळ झालं, आणि सोपानरावाच्या मनात एक गोष्ट बसली. येत्या नागपंचमीला लेकीला आणायचं ते एसटीनं नाही. तान्हं लेकरू, तो घाट, ते धक्के, खिडकीतला तो वारा — नाही! स्वतःच्या गाडीनं आणायचं. घरातली पहिली गाडी! आणि घ्यायची तर लहान कशाला? माणूस बैलांचा ना — त्याला उंच वशिंडाचंच जनावर आवडणार! म्हणाला, एसयूव्ही घेणार. नवी परवडत नाही, तर वापरलेली घेऊ. आणि लेकीला फोनवर एक अक्षर सांगायचं नाही. दारात गाडी उभी करून हॉर्न द्यायचा. बस्स!

तालुक्याला पोपटशेठ म्हणून एक दलाल. जुन्या गाड्यांचा बाजार त्याचा. त्यानं पांढरीशुभ्र गाडी दाखवली. अहो, गाडी कसली — ऐरावत! सोपाननं बॉनेटवरून असा हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. दात तेवढे मोजायचे राहिले! सौदा झाला. कागद सावकाश नावावर करू, असं ठरलं.

गाडी दारात आली. अनसूयाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग दार उघडून आत बघते तर — समोर छोटा गणपती तसाच चिकटलेला. आरशाला गोंडा तसाच. किल्लीला आधीच्या मालकाचा छल्ला तसाच. बाई थबकली.

मंडळी, आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जनावर विकतो, पण दावं विकत नाही! बैल गेला तरी त्याचं दावं मालक खुंटीला ठेवून घेतो. का? तर लक्ष्मी दारातून जाऊ नये. आणि दुसरं, ज्याला मायेनं वाढवलं त्याचं काहीतरी घरात राहावं.

अनसूयाबाई नवऱ्याला म्हणाली, “आवं, यानं काहीच ठेवून घेतलं न्हाई. देवसुद्धा सोडून गेला. ही इकलेली न्हवं, टाकलेली वाटतीया.”

सोपान हसला. म्हणाला, बैलांची रीत गाडीला लावू नकोस. आणि अनसूयाबाई तरी काय करणार? तिनं तिरंगी लोकरीचं एक छोटंसं दावं वळलं आणि किल्लीच्या कडीला घट्ट गाठ मारली. म्हणाली, आजपासून ही आपली.

दोन-चार फेऱ्या झाल्या. झोकात! मग एकदा देवळाच्या उतारावर सोपाननं ब्रेकवर पाय दिला — आणि पाय गेला तो गेलाच! खालपर्यंत! विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसा! समोर देवळापुढची पोरं, उजवीकडं कडब्याची गंजी. त्यानं चाक उजवीकडं वळवलं. गाडी गंजीत घुसली, काचेवर कडबा, डोक्यावर कडबा, तोंडात कडबा! लोक हसले. तुम्हीही हसलात. सोपान हसला नाही.

मेस्त्रीनं आतली चटई उपसली. खाली वाळलेला गाळ. आणि त्या गाळात, मंडळी — शिंपला! गाडीत नदीचा शिंपला! महापुरात बुडालेली गाडी ती. वरून धुऊन-पुसून नवरीसारखी नटवलेली. मेस्त्री म्हणाला, आत सगळीकडं गंज चढलाय, ब्रेक कधी लागेल, कधी लागणार नाही. मी हात लावीन, पण शब्द देणार नाही.

सोपान तडक पोपटशेठकडं. तिथं मोठा गलका केला. पोपटशेठनं चहा मागवला. लबाडाचा पहिला मंत्र, चहा! मग गोड आवाजात म्हणाला की मलाही कुणीतरी फसवलंच की, तुम्ही कशाला तोटा सोसता, आणून सोडा इथं, मी खपवून देतो.

आता बघा हां. इथं तो माणूस उभा आहे. फसवला गेलेला, खरा, सज्जन. याच्या जागी तुम्ही आहात, मी आहे. आणि या सज्जनाच्या तोंडून शब्द कोणते निघाले?

“बघा... पण गिऱ्हाईक जरा लांबचं बघा.”

अरेरे! नको ते शब्द! गावातलं गिऱ्हाईक नको, कारण त्याचं तोंड रोज दिसेल. लांबचं बघा! तोंड दिसलं नाही की पाप दिसत नाही, असं वाटतं ना आपल्याला?

गाडी नेताना अनसूयाबाईनं विचारलं, “घेणाऱ्याला सांगणार न्हवं, बिरेकाचं?”

“लांबचं गिऱ्हाईक हाय गं,” सोपान म्हणाला. एवढंच.

आणि ती? तीही गप्प बसली. किल्लीचं दावं सोडायला गेली, रीतीप्रमाणं. पण गाठ सुटेना. स्वतःच मारलेली गाठ! शेवटी विळीवर धरून कापलं. अर्धं देव्हाऱ्याच्या खुंटीला टांगलं, अर्धा शेपटासारखा तुकडा किल्लीलाच राहिला. गाडी गेली. घरात दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. चटका बसलेल्या जागेला आपण हात लावत नाही, तसं.

पंचमी आली. सोपान एसटीनं निघणार, तेवढ्यात लेकीचा फोन — अण्णा, तुम्ही येऊ नका, आम्हीच येतोय. आवाजात हसू दाबलेलं.

*पंचमीच्या सणाला लेकीला गं माहेर,*
*दारातल्या आंब्याला अवेळीचा मोहर.*

अंगणात सडा घातलेला. झाडाला झोका. अनसूयाबाई पुरणाची दिंडं उकडत होती. आणि दारात हॉर्न वाजला! मोठा, लांबलचक! बाहेर येऊन बघतात तर पांढरी एसयूव्ही! पुढं झेंडूचा असा भरगच्च हार, की नंबरसुद्धा दिसेना. येता येता कुलदैवताच्या दारी गाडीची पूजा करूनच आलेले. मागल्या सीटवर सुवर्णा, मांडीवर बाळ. बाळाच्या डोक्याला कुंची, गालाला तीट.

सोपान गाडीकडं बघतच राहिला. पण मन म्हणालं, पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत?

नवनाथ उतरला, पाया पडला. म्हणाला, “मामा, आमची पहिली गाडी. तुम्हाला चकित करायचं म्हणून बोललो नव्हतो.” मग हसत हसत सांगायला लागला, की अजून पायाला सवय नाही, मघाशी घाटात एका वळणावर ब्रेकवर पाय दिला तर एकदम आतच गेला, पण दुसऱ्यांदा दाबला तेव्हा लागला. नवशिक्याचं असंच होतं म्हणे!

मंडळी... घाटात. वळणावर. पाय आत गेला! मागं बाळ होतं!

सोपान ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला.

अनसूयाबाई औक्षणाचं ताट घेऊन आली. जावयानं मोठ्या मानानं किल्ली त्या ताटात ठेवली. निरांजनाच्या उजेडात बाईनं बघितलं. कडीला एक तुकडा. तेलकट, काळपट. पण त्यातून लाल, हिरवं, पिवळं डोकावतंय. बाईचा हात ओवाळता ओवाळता हवेतच थांबला. ज्योत हलली. ताट सुवर्णाच्या हातात दिलं, आत गेली, खुंटीवरचं अर्धं दावं घेऊन आली, आणि किल्लीच्या तुकड्याला त्याचं टोक लावलं.

पिळाला पीळ बसला!

सुवर्णा म्हणाली, “आई, हे गं काय?” आणि मग पुढं जे बोलली, ते ऐका. छातीवर हात ठेवून ऐका.

“यांना गाडी पसंत पडेना. मीच म्हटलं, हिचं दावं कापून ठेवून घेतलंय, म्हणजे कुणाच्यातरी घरची लक्ष्मी होती ही, डोळ्यांत पाणी आणून दिली असणार. असल्या गाडीत खोट नसते. तूच शिकवलंस ना? आणि पीळ तुझ्या हातासारखा वाटला. मला वाटलं शकुन झाला.”

हरी! हरी! बघा, आईच्या हातचा पीळ! त्यावर विश्वास ठेवून लेक आपल्या लेकराला घेऊन त्या गाडीत बसली. लबाडाच्या शब्दावर नाही बसली हो. आईच्या रीतीवर बसली! रीत तेवढी पाळली होती दोघांनी. रीतीच्या आतला जीव घरी ठेवला होता.

*दूरच्या रानामंदी मीच पेरियेले काटे,*
*लेकीची पाऊलं गं त्याच रानातल्या वाटे.*

तेवढ्यात नवनाथ गाडीचं दार उघडून म्हणतोय, चला मामा, बसा सगळे, देवळापर्यंत एक चक्कर मारू!

देवळापर्यंत! म्हणजे तोच उतार!

आता सोपानच्या मनात काय चाललं असेल? मन वकील असतं, मंडळी! मन म्हणालं, गप्प राहा. ‘पोटात दुखतंय’ म्हण. नंतर हळूच सांग, ‘जावईबापू, एकदा ब्रेक दाखवून घ्या.’ काम होईल, तोंडही राहील. जावयासमोर सासऱ्याचं तोंड! ते गेलं तर उरलं काय? अनसूयाबाई नवऱ्याकडं बघत होती. डोळे कोरडे. तीही वाट बघत होती, या माणसाच्या तोंडून आता काय निघतं त्याची.

सोपान चालत गाडीपुढं गेला. झेंडूचा हार वर उचलला. नंबर दिसला. तोच! त्यानं हार परत सोडला, गाडीला पाठ लावून उभा राहिला, आणि म्हणाला,

“नवनाथ, ह्यात कुणी बसायचं न्हाई. ही गाडी मी इकली. बिरेक जातो, हे ठाऊक असून इकली.”

झोक्याची दोरी तेवढी करकरली. नवनाथच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. तो रागावला नाही. आधी त्यानं काय केलं? सुवर्णाजवळ गेला, तिच्या खांद्यावरचं बाळ घेतलं आणि गाडीपासून लांब, आंब्याखाली जाऊन उभा राहिला. बाळाची कुंची सारखी करत राहिला.

सुवर्णा बापाजवळ आली. ताट अजून हातात. निरांजन विझलेलं. हळू आवाजात म्हणाली,

“अण्णा, आमच्याऐवजी दुसऱ्या कुणी घेतली असती, तर सांगितलं असतंत?”

सोपाननं तोंड उघडलं. मिटलं.

मंडळी, पुढं गाडीचं काय झालं ते सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव गाडीतच अडकायचा! दुसऱ्या दिवशी सपाटीच्या रस्त्यानं बैल लावून ओढत नेली. अहो, जन्मभर बैलांना नटवलं, त्या बैलांनीच ओढून नेली! भंगारात, स्वतःच्या डोळ्यांसमोर कापून घेतली. जावयाचे पैसे सोपाननं पोचते केले. पुढच्या बेंदराला त्याच्या दुकानात माल नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. लेक आणि बाळ एसटीनं परत गेले, खिडकीला ओढणी बांधून. आणि गाडी ओढून नेताना अनसूयाबाईनं दाव्याचे दोन्ही तुकडे त्या गाडीच्या चाकाला बांधून दिले होते. म्हणाली, “हिचं काही ठिवून घ्यायचं न्हाई.”

नवनाथ पुढच्या पंचमीला आला. पाया पडला. कमी बोलला. पण आला.

झालं? नाही झालं! प्रश्न राहिला ना! लेकीनं विचारलेला. ‘दुसऱ्या कुणी घेतली असती तर?’ सोपान गप्प राहिला. ती गप्प राहिलेली जागा अजून तिथंच आहे, त्या अंगणात. रिकामी. ती कुणाची जागा आहे सांगू? तिथं तुम्ही बसलाय. मी बसलोय. आज घरी जाल. कुणाच्या गोठ्यात दुभती म्हणून विकायला काढलेली आटलेली म्हैस असेल. कुणाच्या वखारीत वरून लाल, आतून सडलेल्या कांद्याची पिशवी असेल. कुणाच्या घरी सोयरीक ठरत असेल आणि पोराचा आजार झाकलेला असेल. आणि मनात तोच शब्द घोळत असेल — लांबचं गिऱ्हाईक.

तेव्हा एवढंच करा. दार उघडा आणि रस्त्याकडं बघा. जो चालत येतोय ना, धुळीत, लांबून... त्याचं तोंड अजून दिसत नाही. त्याच्या खांद्यावर काहीतरी आहे.

कुंची घातलेलं.

उचला टाळ. आता नाव घ्या त्याचं, ज्याला कुणीच लांबचं नाही!