नापासांचा मेळावा

महिपतीच्या रिक्षात विद्यापीठातल्या दोघी हसतच चढल्या. माजी विद्यार्थी कक्षातल्या, जुळे सोलापूरला निघालेल्या. महिपतीची नजर रस्त्यावर होती, कान मागं.

"रेश्मामॅडम, आज मेळाव्यात कुलगुरूंचा चेहरा बघितला का?"

"बघितला की! दरवर्षी पास झालेल्यांनाच बोलवायचं, आणि आले की शाल-नारळ देऊन देणगी मागायची. दुसऱ्यांदा कोण येतंय?"

"म्हणून तुम्ही नापासांना बोलावलंत!"

"अगं इफ्रा, तीही आपलीच पोरं की. मधेच सुटली, एवढंच."

महिपतीनं गाणं बंद केलं.

"मला वाटलं, लाजेनं कुणी फिरकायचं नाही."

"आणि हॉल पुरला नाही! एकेकानं उभं राहायचं, नाव सांगायचं आणि कशात उडालो ते सांगायचं. चिंचोळीचे ते कारखानदार काय म्हणाले?"

"'स्टॅटिस्टिक्स, तीनदा!' काय टाळ्या पडल्या, मॅडम!"

"तिथल्या तिथं मुलींच्या अभ्यासिकेचे पैसे जमले. पास झालेल्यांकडून इतकी वर्षं जमले नव्हते."

"पाटीवर काय लिहायचं?"

"'नापास विद्यार्थ्यांकडून.' त्यांचाच हट्ट आहे तो."

रिक्षा थांबली. इफ्रानं भाडं पुढं केलं. महिपतीनं ते घेतलं नाही. तो खाली उतरला, शर्ट नीट केला आणि त्यांच्यासमोर ताठ उभा राहिला.

"ह्ये अभ्यासिकेत टाका, मॅडम. महिपती गवळी. इंग्रजीत उडालो."