दसऱ्याचे दोन थेंब

हॅलो?… कोण, मयुरी? बोल माय, बोल. सारं चोपडा गाव तुझंच विचारतंय. हात कसा शे?… प्लास्टर अजून तीन आठवडे? अरेरे… आवाज का घुमतोय गं तुझा? धुळ्यात रेंज नाही का?

ब्रेक?… परत तेच? अगं ऐक ना. कोणी खरं मानणार नाही, पण मी स्वतः मोजलंय. सातपुड्याच्या उतारावर, मागे तीस किलोचा केळीचा घड बांधून. रबरी ब्रेक दाबला तर सायकल थांबेपर्यंत विजेचे तीन खांब मागे गेले. वायरच्या डिस्क ब्रेकला एक खांब. आणि तुझी ती ऑइल डिस्क? नुसतं बोट लावलं नि सायकल जागच्या जागी! घड मात्र थांबला नाही, पार नाल्यापर्यंत गेला. मीच आणला खांद्यावर… हसतेस ना?… रडतेस?

भटूची थांबली? तेच तर म्हणतो मी! शर्यतीत तू त्याच्याच मागे उतरत होतीस. त्याच्या खटाऱ्याला रबरी ब्रेक, तरी थांबला. तुझ्या सायकलीला एवढी भारी डिस्क, आणि तू दगडावर. म्हणजे खोट ब्रेकात नव्हती. तू घाबरलीस, बोट सुटलं… हो, हो, सांगितलं मी गावात तसं. मग काय सांगू? चाळीस वर्षांचं दुकान शे माझं.

कोण म्हणालं?… धुळ्याचा मिस्त्री? काय, ब्रेकचे पॅड तेलाने माखलेत?… तेल नळीच्या आत असावं, डिस्कच्या चकतीला लागलं की पॅड धरत नाहीत… हे तू मला शिकवतेस? तुझ्या आबाला?… मी नाही लावलं. दसऱ्याला सायकल दुकानात होती, कबूल. पण मी कुठे होतो? जामनेरला, तोतारामकडे! दुकानाला कुलूप. शपथ कसली मागतेस?

संघाच्या सरांना सांगू? काय सांगू?… घाबरते म्हणून तुला त्यांनी काढलं, मी काढलं का?… हो, कळतंय. माझ्या एका वाक्याने ते तुला परत घेतील. आणि मग माझ्याकडे पंक्चर काढायला तरी कोण येईल, ते सांग… अगं पोरी, रागावू नको…

थांब जरा. तुझी आजी मधेच बडबडतेय… काय गं? कोण गेलं नव्हतं जामनेरला?… हळू बोल, फोन चालू शे!… हो, होतो दुकानात. हो, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू बांधला. करकर करत होती म्हणून चकतीवर टाकले दोन थेंब. दर दसऱ्याला एकूण एक बठ्ठ्या सायकलींना टाकतो, हिलाच उपाशी ठेवू?… तू जा आत!

हॅलो… मयुरी?… ऐकलंस का काही?… बोल ना, माय…

कोण?… हे कोण बोलतंय?… केव्हापासून ऐकताय?…

…नमस्कार, सर.