बार्बाडोसला गेलेला जुना शर्ट

कॅरिबियनला निघालाय ना, मग टोपी, चष्मा काय ते घ्या, पण फुल बाह्यांचा शर्ट विसरू नका.

लेकीनं आम्हा दोघांना बार्बाडोस बेटावर न्यायचं ठरवलं, तवा मी आधी उसात घालायचा जुना शर्ट बॅगेत टाकला. बायकोनं तो काढून फेकला. "सोनईत जलमभर ऊसच बघितला. तिथं निस्ता समिंदर बघायचा, उसाचं नाव काढायचं न्हाई." मी व्हय म्हणालो.

विमानतळावरून टॅक्सी निघाली, तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस. उतरून बघावंसं लई वाटत होतं, पण शब्द दिलेला, म्हणून समिंदर कुठं दिसतोय का ते शोधत बसलो. तेवढ्यात मागून हीच लेकीला म्हणाली, "अगं, गाडी थांबवाया सांग. कांडी तरी बघू केवढी हाय."

दोघं पळतच उसात शिरलो. पात्यांनी माझे हात ओरबाडून निघाले. हिला मात्र एक ओरखडा नाही. बघतो तर उसातल्या बाया घालतात तसा साडीवर माझाच जुना शर्ट चढवलेला.

"ह्यो कुठनं आला?"

"समिंदराचं ऊन लागंल म्हनून पिशवीत टाकलेला," म्हणाली, आणि अजून आत शिरली.